वेशीच्या आतला जुगार

अमेरिकेत ऑनलाइन कॅसिनोचा परवाना केंद्र सरकार देत नाही. तो राज्य देते, आणि एका राज्याने दिलेल्या परवान्याला शेजारच्या राज्यात काडीचीही किंमत नसते. २०१३ ते २०२४ या काळात डेलावेअर, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मिशिगन, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या सात राज्यांत स्लॉट, रूलेट, ब्लॅकजॅक यांसारखे कॅसिनोतले खेळ पैसे लावून इंटरनेटवर खेळण्याची कायदेशीर सोय झाली. ज्या लास व्हेगासचे नाव जगभर जुगाराशी जोडले गेले आहे, त्या लास व्हेगासच्या नेव्हाडा राज्याने मात्र ऑनलाइन फक्त पोकरला वाट दिली आणि बाकीचे खेळ आपल्या आलिशान इमारतींपुरतेच राखून ठेवले. या सातही राज्यांत धंदा करू पाहणाऱ्या कंपनीला सात कायदे, सात नियामक यंत्रणा आणि सात करपद्धती यांच्याशी स्वतंत्रपणे जुळवून घ्यावे लागते, आणि त्यांपैकी काही ठिकाणी तर अर्ज घ्यायची खिडकीच तिच्यासाठी उघडलेली नसते. इंटरनेटला सरहद्द नसते हे वाक्य विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास ऐकू येई. जुगाराच्या बाबतीत मात्र अमेरिकी राज्यांनी आपली जुनी, नद्यानाल्यांवरून गेलेली हद्द जशीच्या तशी इंटरनेटवर उतरवून दाखवली.

याचे मूळ राज्यघटनेत आहे. १७९१ साली संमत झालेल्या दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार घटनेने संघराज्याच्या सरकारकडे सोपवलेले नाहीत ते राज्यांकडे राहतात, आणि जुगार, मद्यविक्री, सार्वजनिक नीती यांवरचे नियंत्रण परंपरेने राज्यांचे मानले गेले. केंद्राने या क्षेत्रात जे कायदे केले ते मुख्यतः राज्याची हद्द ओलांडणाऱ्या व्यवहारांपुरते होते. त्यांतला सर्वांत परिणामकारक म्हणजे १९६१ चा वायर अॅक्ट. रॉबर्ट केनेडी अॅटर्नी जनरल असताना संघटित गुन्हेगारीविरुद्ध जी मोहीम उघडली गेली, तिचा हा एक भाग होता. घोड्यांच्या शर्यती आणि बेसबॉल, फुटबॉलचे सामने यांवर पैजा घेणाऱ्या बुकींचे जाळे टेलिफोन आणि तारेच्या आधारावर चालत असे, म्हणून पैजा किंवा पैजांना मदत करणारी माहिती आंतरराज्य तारेवरून पाठवणे हाच गुन्हा ठरवण्यात आला. तेव्हा इंटरनेट कोणाच्या स्वप्नातही नव्हते, पण चार दशकांनंतर तोच कायदा त्याला लावला जाऊ लागला आणि तो फक्त खेळांच्या सामन्यांवरील सट्ट्याला लागू आहे की सर्व प्रकारच्या जुगाराला, या प्रश्नावर पुढची अनेक वर्षे वाद चालू राहिला.

ऑक्टोबर २००६ मध्ये बंदरांच्या सुरक्षेसंबंधीच्या एका विधेयकाला जोडून आणखी एक कायदा संमत झाला. त्याने जुगार खेळणाऱ्याला हात लावला नाही; बेकायदा ऑनलाइन जुगारासाठी पैसे स्वीकारणाऱ्या धंद्यांवर बंदी घातली आणि अशा भरण्यांना अटकाव करण्याची जबाबदारी बँका व कार्ड कंपन्यांवर टाकली. याच कायद्यात एक तरतूद होती, जिच्याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पैज लावणारा आणि पैज घेणारा दोघेही एकाच राज्यात असतील, त्या राज्याच्या कायद्याने तो व्यवहार मान्य केला असेल आणि खेळाडूचे वय व ठिकाण तपासण्याची सोय त्या कायद्यात असेल, तर ती पैज बेकायदा ठरत नाही. शिवाय मधल्या वाटेत माहितीचे संदेश कोणत्या राज्यातल्या तारांतून फिरून आले यावरून पैजेचे ठिकाण ठरवायचे नाही. इंटरनेटवरचा संदेश कोणत्या वाटेने जाईल हे ना पाठवणाऱ्याच्या हाती असते ना घेणाऱ्याच्या. त्यामुळे हे कलम नसते तर राज्यांतर्गत ऑनलाइन जुगार ही कल्पनाच उभी राहू शकली नसती. परदेशी जुगाराला पायबंद घालण्यासाठी आणलेल्या कायद्यानेच देशी जुगाराचा आराखडा आखून दिला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

त्या आराखड्यावर बांधकाम सुरू व्हायला २०११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १५ एप्रिलला न्यूयॉर्कच्या संघीय सरकारी वकिलांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट पोकर आणि अॅब्सोल्यूट पोकर या परदेशातून अमेरिकी खेळाडूंना सेवा देणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांच्या संस्थापकांवर आरोपपत्रे ठेवली आणि त्यांची संकेतस्थळे ताब्यात घेतली. पोकरच्या जगात तो दिवस काळा शुक्रवार म्हणून ओळखला जातो. फुल टिल्टने खेळाडूंच्या ठेवी धंद्याच्या पैशांपासून वेगळ्या ठेवल्याच नव्हत्या, हे त्यानंतर उघड झाले. त्याच वर्षीच्या २३ डिसेंबरला न्याय खात्याचे एक कायदेशीर मत प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांना आपल्या लॉटरीची तिकिटे इंटरनेटवर विकायची होती, म्हणून त्यांनी विचारणा केली होती, आणि उत्तर असे आले की वायर अॅक्ट फक्त खेळांच्या सामन्यांवरील सट्ट्याला लागू होतो. प्रश्न लॉटरीच्या तिकिटांचा होता, पण दार कॅसिनोसाठीही उघडले. नोव्हेंबर २०१८ मध्ये खात्याने हे मत फिरवले. न्यू हॅम्पशायरच्या लॉटरी आयोगाने त्याविरुद्ध दावा लावला आणि जानेवारी २०२१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. अब्जावधी डॉलरच्या धंद्याचा पाया एका खात्याच्या पत्रावर उभा असणे ही गोष्ट या क्षेत्रातल्या कोणालाही निश्चिंत झोपू देणारी नव्हती, आणि राज्यांच्या नियमांतला पुढचा बराचसा काटेकोरपणा या धास्तीतूनच आलेला आहे.

न्यू जर्सीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या बहुतेक राज्यांनी तिथलाच कित्ता गिरवला. संपूर्ण राज्यात कॅसिनोंना परवानगी देण्याचा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी १९७४ मध्ये फेटाळला होता; १९७६ मध्ये मात्र, फक्त अटलांटिक सिटी या उतरती कळा लागलेल्या समुद्रकाठच्या शहरापुरती परवानगी देणारी घटनादुरुस्ती त्यांनी मान्य केली आणि १९७८ मध्ये तिथे पहिला कॅसिनो उघडला. २००६ च्या अखेरीस शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात कॅसिनो सुरू झाल्यावर अटलांटिक सिटीची मक्तेदारी संपली, उत्पन्न घसरत गेले आणि २०१४ या एका वर्षात तिथले चार कॅसिनो बंद पडले. इंटरनेटकडे न्यू जर्सी वळली ती या घसरणीत. आपल्या कॅसिनोंना जोडउत्पन्न मिळावे हा हेतू उघड होता. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी २०११ मध्ये एक विधेयक नाकारले, २०१३ मध्ये कराचा दर १० टक्क्यांवरून १५ टक्के करावा आणि कायद्याला दहा वर्षांची मुदत घालावी अशा अटींवर दुसरे परत पाठवले, आणि त्या अटी मान्य झाल्यावर २६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यावर सही केली.

पण राज्याची घटना तर कॅसिनोचा जुगार अटलांटिक सिटीच्या बाहेर चालू देत नव्हती. यावर काढलेली तोड अशी, की खेळाडू राज्यात कुठेही बसलेला असो, त्याची पैज ज्या सर्व्हरवर स्वीकारली जाते तो सर्व्हर अटलांटिक सिटीत असल्यामुळे ती पैज तिथेच लावली गेली असे कायद्याने मानायचे. म्हणून खेळ चालवणारी मुख्य यंत्रसामग्री कॅसिनो हॉटेलच्या आवारातल्या प्रतिबंधित जागेत किंवा त्याच शहरातल्या दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचे बंधन आले. क्लाउडच्या जमान्यात, जेव्हा सर्व्हर नेमका कुठे आहे याची वापरणाऱ्याला फिकीर नसते, तेव्हा एका विशिष्ट शहरातली कुलूपबंद खोली हा सगळ्या व्यवस्थेचा कायदेशीर आधार ठरावा, यात थोडी गंमतही आहे.

परवान्याची रचनाही अशीच जमिनीला बांधलेली आहे. न्यू जर्सीत ऑनलाइन खेळांचा परवाना अटलांटिक सिटीतल्या प्रत्यक्ष कॅसिनोलाच मिळतो. लंडनच्या, जिब्राल्टरच्या किंवा टोरांटोच्या कंपनीला तो स्वतंत्रपणे मागता येत नाही. बाहेरच्या कंपनीने एखाद्या कॅसिनोशी करार करायचा, उत्पन्नातला वाटा त्याला द्यायचा आणि त्याच्या परवान्याखाली आपल्या नावाचे संकेतस्थळ चालवायचे. या पोटसंकेतस्थळाला धंद्याच्या भाषेत स्किन म्हणतात, आणि न्यू जर्सीत एका परवान्याखाली अशी पाच स्किन चालवता येतात. परवान्याचे सुरुवातीचे शुल्क किमान ४ लाख डॉलर ठरले, नूतनीकरणाचे अडीच लाख, आणि त्याशिवाय जुगाराचे व्यसन जडलेल्यांच्या मदतीसाठी दरवर्षी आणखी अडीच लाख. तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीला, खेळ बनवणाऱ्या कंपनीला आणि पैशांची देवघेव हाताळणाऱ्या कंपनीलाही आपापल्या दर्जाचा परवाना किंवा नोंदणी घ्यावी लागते, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या एका साध्या स्लॉटच्या खेळामागे चार-पाच स्वतंत्र फायली तयार झालेल्या असतात.

या फायलींतला सर्वांत जाड भाग माणसांचा असतो. कॅसिनोच्या कायद्यात परवाना हा अर्जदाराचा हक्क मानला जात नाही; ती राज्याने दिलेली आणि राज्याला केव्हाही काढून घेता येणारी सवलत आहे, आणि आपण त्या सवलतीला पात्र आहोत हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच असतो. न्यू जर्सीत तर चारित्र्य, प्रामाणिकपणा आणि सचोटी यांचा पुरावा दिवाणी दाव्यात पुरेशा समजल्या जाणाऱ्या पुराव्यापेक्षा वरच्या प्रतीचा, खात्री पटवणारा असावा लागतो. संचालक, मोठे भागधारक आणि महत्त्वाच्या जागांवरचे अधिकारी यांना बहुराज्यीय व्यक्तिगत माहितीपत्र नावाचा एक जाडजूड अर्ज भरावा लागतो. त्यात राहण्याच्या जागा, नोकऱ्या, नातेवाईक, कोर्टकज्जे, कर्जे, बँकखाती, प्राप्तिकराची विवरणपत्रे अशी आयुष्याची जंत्रीच मांडावी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि तपास अधिकाऱ्यांनी त्यावर घालवलेल्या तासांचे बिलही अर्जदारालाच भरावे लागते. हा अर्ज अनेक राज्ये स्वीकारतात, ही त्यातली सोय. परंतु प्रत्येक राज्य त्याला आपली पुरवणी जोडते आणि चौकशी स्वतःची स्वतः करते. एका राज्यात नाकारले गेल्याची नोंद दुसऱ्या राज्यातल्या अर्जात द्यावीच लागत असल्याने एका ठिकाणची बदनामी सगळीकडे पोचते, पण एका ठिकाणची शिफारस मात्र दुसरीकडे चौकशी टाळायला पुरी पडत नाही.

पोकरस्टार्सच्या बाबतीत याची प्रचीती आली. २०११ च्या कारवाईनंतर ही कंपनी अमेरिकेबाहेर धंदा करत राहिली, सरकारशी तडजोड करून तिने फुल टिल्टच्या खेळाडूंचे पैसे परत मिळण्याची सोय केली आणि न्यू जर्सीत परतण्यासाठी अटलांटिक सिटीतला एक डबघाईला आलेला कॅसिनो विकत घेण्याचा घाट घातला. तो सौदा फिसकटला. मग दुसऱ्या कॅसिनोबरोबर करार करून अर्ज केला, तेव्हा डिसेंबर २०१३ मध्ये राज्याच्या नियामक विभागाने तो दोन वर्षांसाठी स्थगित केला. संस्थापकावरचे संघीय आरोपपत्र अजून निकालात निघालेले नव्हते, हे मुख्य कारण होते. २०१४ मध्ये अमाया या कॅनडातल्या कंपनीने ४९० कोटी डॉलरना सगळा व्यवसाय विकत घेतला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये न्यू जर्सीने नव्या मालकांच्या नावावर मान्यता दिली. सॉफ्टवेअर बव्हंशी तेच, नाव तेच, खेळही तेच. बदलले ते मालक आणि अधिकारी. नियामकांना यंत्राआधी माणसे तपासायची असतात ती अटलांटिक सिटीच्या पहिल्या दिवसांपासून, कारण गुन्हेगारी टोळ्या कॅसिनोत शिरतील या भीतीच्या छायेतच तिथला कायदा लिहिला गेला होता.

यंत्राची तपासणी त्या मानाने कोरडी, पण कमी महत्त्वाची नाही. ऑनलाइन खेळातला पत्ता किंवा रूलेटचा आकडा एका संगणकीय कार्यक्रमातून येतो, ज्याला यादृच्छिक अंकनिर्माता म्हणतात. त्यातून निघणारे आकडे खरोखर अंदाजापलीकडचे आहेत का, आणि लावलेल्या पैशांपैकी दीर्घकाळात जितका भाग परत मिळेल असे सांगितले जाते तितका मिळतो का, हे प्रयोगशाळेत पाहिले जाते. मान्य झालेल्या सॉफ्टवेअरचा एक अंकीय ठसा काढून ठेवतात. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो, त्यामुळे मान्यता मिळालेला खेळ आणि प्रत्यक्ष चालू असलेला खेळ एकच आहे की नाही हे केव्हाही ताडून पाहता येते. काही राज्ये बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे अहवाल स्वीकारतात. न्यू जर्सीच्या नियामक विभागाची प्रयोगशाळा स्वतःची आहे. गणिताला राज्याची हद्द नसते, तरीही तोच खेळ प्रत्येक राज्यासाठी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो, आणि माणसांच्या चौकशीतली पुनरुक्ती जितकी समर्थनीय वाटते तितकी ही वाटत नाही.

सगळ्या व्यवस्थेतला कळीचा भाग म्हणजे खेळाडू नेमका कुठे आहे हे ओळखणे. खेळाडू राज्याचा रहिवासी असावा अशी अट नसते. त्याचे वय २१ पूर्ण असावे आणि पैज लावताना तो राज्याच्या हद्दीत प्रत्यक्ष हजर असावा, एवढे पुरते. ही हजेरी पडताळण्यासाठी फोनचा जीपीएस, आसपासच्या वाय-फायचे संकेत, मोबाइलचे मनोरे आणि इंटरनेटचा पत्ता अशी अनेक साधने एकत्र ताडली जातात, ठिकाण लपवणारे सॉफ्टवेअर चालू आहे का ते पाहिले जाते, आणि खेळाडू हद्दीच्या जितका जवळ तितक्या लवकर पुन्हा तपासणी होते. जर्सी सिटी आणि होबोकन ही हडसन नदीकाठची गावे आज अनेक मराठी कुटुंबांच्या परिचयाची आहेत. तिथून मॅनहॅटनला जाणारी पाथ रेल्वे नदीखालून जाते, आणि फलाटावर कायदेशीर असलेला ब्लॅकजॅकचा डाव पलीकडच्या स्थानकावर उतरताच अडवला जातो, कारण न्यूयॉर्क राज्याने ऑनलाइन कॅसिनोला परवानगी दिलेली नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यू जर्सीत हे खेळ सुरू झाले तेव्हा यंत्रणा इतकी धास्तावलेली होती की हद्दीच्या बऱ्याच आत, स्वतःच्या घरात बसलेल्या खेळाडूंनाही ती राज्याबाहेरचे ठरवून नाकारत असे. दक्षिणेला तर हद्दच विचित्र आहे: वसाहतकाळात न्यू कॅसल गावाभोवती आखलेल्या बारा मैलांच्या वर्तुळात डेलावेअर नदीचे पात्र पलीकडच्या काठाच्या ओहोटीच्या रेषेपर्यंत डेलावेअर राज्याचे आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये दिला. म्हणजे त्या भागात न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होडीत बसलेला माणूस, फोनच्या लेखी, दुसऱ्या राज्यात असतो.

इतर राज्यांनी न्यू जर्सीचा सांगाडा घेतला, पण आकडे आपापल्या गरजेप्रमाणे भरले. कर लागतो तो ढोबळ उत्पन्नावर, म्हणजे खेळाडूंनी लावलेल्या रकमेतून त्यांना परत गेलेली रक्कम वजा करून जे उरते त्यावर. पेन्सिल्व्हेनियाने ऑक्टोबर २०१७ मध्ये कायदा केला तेव्हा स्लॉटवर ५४ टक्के आणि पत्ते-रूलेटसारख्या टेबलावरच्या खेळांवर १६ टक्के असे दर ठेवले. लावलेल्या १०० डॉलरपैकी ९५ परत करणारा स्लॉट धरला तर हाती उरलेल्या ५ डॉलरपैकी २ डॉलर ७० सेंट पेन्सिल्व्हेनियाच्या तिजोरीत जातात. १५ टक्के दराने न्यू जर्सीत तोच हिशेब ७५ सेंटचा होता, आणि जुलै २०२५ पासून तिथला दर १९.७५ टक्के झाल्यावर तो साधारण डॉलरभर झाला. शिवाय पेन्सिल्व्हेनियात स्लॉट, टेबलावरचे खेळ आणि पोकर या तिन्ही प्रकारांच्या परवान्यांची एकत्रित किंमत १ कोटी डॉलर होती, तीही ठरलेल्या मुदतीत अर्ज करणाऱ्यांसाठी. मिशिगनमध्ये परवान्याचे शुल्क १ लाख डॉलर आहे. इतकी तफावत असलेल्या दोन राज्यांत एकच खेळ एकाच भावाने चालवणे परवडत नाही, आणि म्हणून खेळाडूला मिळणाऱ्या सवलती आणि जाहिरातींचा मारा हेही राज्यागणिक बदलतात.

लहान राज्यांनी निराळी वाट धरली. डेलावेअरमध्ये ऑनलाइन खेळ राज्याच्या लॉटरीच्या छत्राखाली चालतात आणि तंत्रज्ञान पुरवणारी कंपनी निविदेने नेमली जाते. ऱ्होड आयलंडमध्ये सगळा कारभार बॅलीज या एकाच कंपनीकडे आहे. जिथे मूळ अमेरिकी जमातींचे कॅसिनो आहेत तिथे आणखी एक थर वाढतो, कारण या जमाती आपल्या भूमीवर सार्वभौम मानल्या जातात आणि त्यांच्या कॅसिनोंचे नियमन १९८८ च्या संघीय कायद्याखाली राज्याशी केलेल्या करारांनी होते. कनेक्टिकटमध्ये ऑनलाइन कॅसिनो फक्त मॅशान्टकेट पीकॉट आणि मोहिगन या दोन जमातींनाच चालवता येतात, आणि त्यासाठी २०२१ मध्ये करारांत केलेल्या बदलांना वॉशिंग्टनच्या अंतर्गत व्यवहार (इंटिरियर) खात्याची मंजुरी घ्यावी लागली. मिशिगनमध्ये डेट्रॉइटचे तीन कॅसिनो आणि बारा जमाती अशा पंधरा जणांनाच परवाना मिळू शकतो. जमातीच्या ऑनलाइन कॅसिनोत खेळणारा माणूस तिच्या भूमीबाहेर, राज्यात कुठेही असू शकतो म्हणून जमातीलाही राज्याचा परवाना घेऊन काही बाबतींत आपली सार्वभौम मुभा सोडावी लागते.

या तुकड्यांचा सर्वांत डोळ्यांत भरणारा परिणाम लाइव्ह डीलर खेळांत दिसतो. या प्रकारात खरा माणूस, खऱ्या टेबलावर, खरे पत्ते वाटतो आणि खेळाडू कॅमेऱ्यातून ते पाहून पैज लावतो. युरोपात रिगा किंवा माल्टा इथल्या एका स्टुडिओतून अनेक देशांतले खेळाडू सांभाळता येतात. अमेरिकेत मात्र इव्होल्यूशन या स्वीडिश कंपनीला न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन आणि कनेक्टिकट इथे वेगवेगळे स्टुडिओ उभारावे लागले. अटलांटिक सिटीतल्या आणि फिलाडेल्फियातल्या स्टुडिओंत गाडीने जेमतेम तासाभराचे अंतर आहे. दोन्हीकडे तीच टेबले, तेच कॅमेरे, तेच पत्ते.

पोकरच्या बाबतीत ही विभागणी नुसती खर्चिक नव्हती, ती घातक होती. ब्लॅकजॅकमध्ये खेळाडू कॅसिनोविरुद्ध खेळतो, त्यामुळे एकटा माणूसही खेळू शकतो. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कॅसिनो फक्त डावामागे आपले कमिशन काढतो, तेव्हा पुरेशी माणसे जमली नाहीत तर टेबलच भरत नाही. दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या डेलावेअरला हे लवकर उमगले. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेव्हाडा आणि डेलावेअर यांच्या गव्हर्नरांनी आंतरराज्य करार केला, ज्यानुसार दोन्हीकडचे परवानाधारक खेळाडूंना एकाच टेबलावर बसवू शकतात, मात्र प्रत्येक खेळाडूवर त्याच्या राज्याचे नियम आणि त्याच्या पैशावर त्याच्या राज्याचा कर लागू राहतो. न्यू जर्सी २०१७ मध्ये त्यात आली, मिशिगन २०२२ मध्ये, वेस्ट व्हर्जिनिया २०२३ मध्ये. सुमारे १.३ कोटी वस्तीचे पेन्सिल्व्हेनिया अनेक वर्षे कुंपणावर बसून राहिले आणि एप्रिल २०२५ मध्ये सामील झाले. एवढ्या खटाटोपातून एकत्र आले ते फक्त पोकरचे टेबल. कंपनीला परवाना मात्र अजूनही प्रत्येक राज्याचा वेगळाच घ्यावा लागतो.

एकाच परवान्यावर अनेक देशांत धंदा करण्याची कल्पना बाहेर काही काळ चालली. माल्टाने २००४ मध्ये नियम करून युरोपभरच्या कंपन्यांना आकर्षित केले. जिथून सेवा दिली जाते तिथला परवाना पुरे, हे त्यामागचे तत्त्व. ब्रिटनने नोव्हेंबर २०१४ पासून ते उलटवले आणि खेळाडू जिथे आहे तिथला परवाना सक्तीचा केला, आणि एकेक करून इतर देशही त्याच बाजूला वळत गेले. अमेरिकेशी या मुद्द्यावर भांडण काढले ते सुमारे एक लाख वस्तीच्या अँटिग्वा आणि बार्बुडा या कॅरिबियन देशाने. आपल्या कंपन्यांना अमेरिकी बाजार बंद करणे हा व्यापारकराराचा भंग आहे, अशी तक्रार त्याने २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केली. अपिलात अमेरिकेचा सार्वजनिक नीतीचा बचाव तत्त्वतः मान्य झाला, पण घोड्यांच्या शर्यतींबाबत देशी कंपन्यांना झुकते माप मिळत असल्याने तो पूर्णपणे टिकला नाही. ३४४ कोटी डॉलरची वार्षिक भरपाई मागणाऱ्या अँटिग्वाला २००७ मध्ये २.१ कोटी डॉलरपर्यंत अमेरिकी बौद्धिक संपदेचे हक्क स्थगित करण्याची मुभा मिळाली. पदरात पडलेला हा विजय वापरायचा कसा, हे त्या देशाला उमगणे कठीणच होते.

भारतीय वाचकाला ही रचना अगदीच परकी नाही. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार आणि सट्टा हा राज्यांच्या यादीतला विषय आहे. न्यू जर्सीच्या मतदारांनी ज्या १९७६ साली अटलांटिक सिटीला कौल दिला, त्याच साली गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा झाला आणि त्याच साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोंचा कायदा संमत केला. गोव्याच्या कायद्यात १९९२ मध्ये जी भर पडली तिच्या आधाराने पुढे मांडवीतल्या बोटींवर कॅसिनो उभे राहिले. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. सिक्कीमने २००८ मध्ये ऑनलाइन खेळांना परवाने देण्याचा कायदा केला, पण २०१५ च्या दुरुस्तीने ते खेळ राज्यातल्या ठरावीक जागांमधल्या अंतर्गत जाळ्यापुरते आखडले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली, आणि या विषयात केंद्राला हात घालता येतो का हा वाद न्यायालयापुढे गेला. अमेरिकेत नेमकी उलटी घडण झाली: तिथे केंद्राने फक्त वेशीबाहेरचे पाहिले, आणि वेशीच्या आत काय चालवायचे ते ज्याचे त्याने ठरवले.

राज्यागणिक परवान्यांच्या या पद्धतीचा लाभ अखेर मोठ्या कंपन्यांनाच झाला आहे, कारण प्रत्येक राज्यात वकील, सर्व्हर, चौकशीचा खर्च आणि कॅसिनोचा वाटा सोसण्याची ऐपत त्यांच्याचकडे असते; फॅनड्यूएल, ड्राफ्टकिंग्ज, बेटएमजीएम या नावांचेच प्राबल्य बहुतेक ठिकाणी दिसते. राज्यालाही तटस्थ पंच म्हणता येत नाही, कारण २०२४ मध्ये एकट्या न्यू जर्सीत ऑनलाइन कॅसिनोंचे ढोबळ उत्पन्न सुमारे २३९ कोटी डॉलर होते आणि त्यातला वाटा अंदाजपत्रकात आधीच धरलेला असतो. या रचनेची खरी उणीव मात्र खेळाडूच्या बाजूला दिसते. जुगाराचा नाद सुटत नाही असे वाटणाऱ्या माणसाला आपले नाव स्वतःहून बंदीच्या यादीत घालता येते. न्यू जर्सीत असे नाव नोंदवले की तिथल्या सर्व ऑनलाइन कॅसिनोंना त्याचे खाते नाकारावे लागते आणि चोरून खेळून जिंकलेली रक्कमही त्याला मिळत नाही. पण यादी राज्याची असते. एका राज्याने नाकारलेल्या संचालकाची वार्ता दुसऱ्या राज्याच्या अर्जातच नोंदवावी लागत असली, तरी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये स्वतःवर बंदी घालून घेतलेला माणूस बेंजामिन फ्रँकलिन पूल ओलांडून फिलाडेल्फियात शिरला की पेन्सिल्व्हेनियाच्या यादीत त्याचे नाव नसते. तिथे त्याला नव्याने अर्ज करावा लागतो, मिशिगनमध्ये गेल्यास पुन्हा एकदा, आणि प्रत्येक ठिकाणी बंदीची मुदतही त्या त्या राज्याच्या नियमाप्रमाणे वेगळी.